ड्रम

ऑरेस्टनं वॉशिंग मशीन मोडलं
आणि आतला ड्रम परसात, तीन विटांवर बसवला.
स्टीलचा, अंगभर भोकं,
एकतीस वर्षं गरगरून आता कुठं टेकलेला.

"झकास शेगडी होते ह्याची," कुंपणावरून मला म्हणाला,
"वारा चहूबाजूंनी खेळतो."
मी कुऱ्हाड परत मागायला गेलो होतो.
कुऱ्हाड राहिली बाजूला,
तिनंच त्याची लाकडं फोडून द्यावी लागली.

कॅनोरात ऑक्टोबर सरता सरता
सहाच्या आत उजेड दुकान बंद करतो.
वरून रानहंस चाललेले,
भांडण अर्ध्यावर टाकून निघाल्यासारखे ओरडत.
खाली पॉपलरचे ओंडके, निम्मे ओले.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात;
इथं ओल्यापायी सुकंही विझत होतं.
ऑरेस्ट गुडघ्यांवर, गाल फुगवून फुंकतोय,
डोळ्यांत पाणी.
धुरानं, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

मग एकदम पेटलं.
भोकाभोकातून उजेडाचे ठिपके
शेडच्या पत्र्यावर, माझ्या विजारीवर,
झोपलेल्या कुत्र्याच्या पोटावर.

"आवाज फार करायचं हे," तो म्हणाला.
"पिळायला लागलं की स्वयंपाकघरभर चालत सुटायचं.
डोरीन वर चढून बसायची, हातात चहा.
म्हणायची, जा, कुठं जायचंय तिथं जा,
मला घेऊन जा."

लंगोट ह्यातच धुतले, ग्रीसनं माखलेल्या डांगऱ्या,
आणि शेवटच्या वर्षी चादरी,
दिवसातून दोनदा.
हे त्यानं सांगितलं नाही.
दोरी माझ्या खिडकीतून दिसायची.

मागच्या गल्लीतून मेव्हिस आली,
बॅनकचं पीठ टॉवेलात बांधून.
विलोच्या काठीला पीठ पिळून गुंडाळलं,
ऑरेस्टची काठी हातानं मागं सारली.
"ज्वाळेवर नको. ज्वाळा नुसती बोलते.
निखारा होऊ दे."
तेवढंच बोलली.

राखेत बटाटे पुरले. जाळीवर कुबासा;
साल तटतटून फुटली,
चरबीचा थेंब पडला, चर्रर्र,
लसणाचा वास थंडीला धक्के मारत कुंपणापर्यंत गेला.

आणि ड्रमनं टण्ण केलं.

तापून सांधा सुटला असावा.
आतून काहीतरी निसटून विटेवर पडलं, काळं, चपटं.
ऑरेस्टनं चिमट्यानं उचललं, बादलीत सोडलं.
छस्स.
मग दोन बोटांत धरून पुसलं,
पुसतच राहिला.

हिरव्या पिकअपची किल्ली.
पिकअप विकून जमाना झाला.
किल्ली हरवली तेव्हा डॅनलो सोळाचा होता,
आणि दोषी कोण, हे शोधायला
ह्या घराला पाच मिनिटंही लागली नव्हती.
"मी नाही घेतली," तो पायरीवरून म्हणत होता.
बापाचा हात आधी उठला, कान नंतर.
पुढं पोरगं एडमंटनला गेलं.
ख्रिसमसला फोन येतो. हवामान कळतं.

मेव्हिसनं किल्लीकडं पाहिलं,
मग त्याच्याकडं, मग बॅनक फिरवलं.
मी उगाच एक ओंडका सरळ केला,
तो सरळच होता.

"कुणाच्या तरी खिशात राहिली असणार," ऑरेस्ट म्हणाला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"माझ्याच."

बटाटे करपल्याचा वास यायला लागला.
कुणीच उठेना.

"एडमंटनला आत्ता किती वाजले असतील?"

"इथल्याएवढेच," मी म्हणालो.
"पुढच्या आठवड्यात त्यांची घड्याळं मागं जातील.
तोवर सारखेच."

त्यानं कोटातून फोन काढला.
काचेवर बोट टेकवलं; राखेच्या बोटाला फोन ओळखेना.
विजारीला बोट पुसलं, पुन्हा टेकवलं,
थुंकी लावून पुन्हा.

मेव्हिसनं बॅनक मोडून
मोठा तुकडा माझ्या हातात कोंबला.
बाहेरून खरपूस, आत अजून कच्चट.
चटका बसला तरी मी खाल्ला,
तोंड भरलेलं असलेलं बरं म्हणून.